कंट्रोल क्रमांक एक

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगवहीत मत लिहायचं नसतं. तिथे तापमान, वेळ, नळीचा क्रमांक आणि सही. माझ्याकडे मतं भरपूर आहेत आणि ती ऐकायला घरी कोणी नाही, म्हणून ही दुसरी वही.

आज मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नव्या चाचणीचं काम माझ्या हाती दिलं. चाचणी सांगायला सोपी आहे. एखाद्या बाईला पुरुषाची किडनी बसवली की तिच्या रक्तात त्या पुरुषाचा डीएनए थोडा थोडा फिरत असतो. किडनीचं बिनसायला लागलं की तो वाढतो. बाईच्या अंगात वाय गुणसूत्र नसतं, तेव्हा जिथे वाय दिसेल तो पाहुणा. पाहुणे मोजत राहायचं. सध्या त्यासाठी पोटात सुई घालून किडनीचा तुकडा काढावा लागतो, ते टळेल.

पण आधी हे दाखवायला हवं की जिच्यात पाहुणा नाही तिच्यात चाचणी शून्य दाखवते. त्यासाठी निरोगी बायका हव्यात. आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो. मोठ्या बाईंना दोन मुलगे, त्या बाद. पोटातल्या मुलाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथे राहतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, माझं रक्त घ्या. अर्ज मीच तयार केला होता, मीच भरला. कधी रक्त चढवलं का: नाही. अवयव बसवला का: नाही. गर्भधारणा: नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. कंट्रोल क्रमांक एक.

रक्त शिट्टीवाल्यांनी काढलं. हे आमचे तंत्रज्ञ. काम करताना दातांतून शिट्टी वाजवतात, गाण्याची एकच ओळ, पुढची त्यांना येत नसावी. मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीवाले म्हणते. हात हलका आहे. सुई कळलीसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार मिळून मी नऊ शब्द बोलले, सगळे भाजीवाल्याशी. मोजायची सवय, दुसरं काय.

पहिला निकाल आला. यंत्र नमुन्याचे बारीक बारीक थेंब करतं, दीड लाखाच्या वर, आणि ज्या थेंबात वाय असेल तो उजळतो. नुसतं पाणी घातलेल्या नळीत एकही उजळला नाही. माझ्या रक्तात तीन.

दीड लाखात तीन म्हणजे काहीच नाही, असं बाहेरचा माणूस म्हणेल. पण आम्हाला शून्य हवं आहे, आणि कितीही डोळे बारीक केले तरी तीनचं शून्य होत नाही.

कुणाची तरी घाण नमुन्यात गेली आहे. आमच्या कामातलं हे नेहमीचं दुखणं. पुरुष सगळीकडे सांडलेले असतात. एक शिंक, बोटावरचा कातडीचा एक कण, की झालं. आणि आमच्या विभागात पुरुष एकच.

११ फेब्रुवारी, बुधवार

टेबलं पुसली, पिपेट उघडून धुतले, हातमोज्यांची नवी पेटी काढली, उघडलेली सगळी रसायनं फेकून दिली. शिट्टीवाल्यांना सांगितलं, शिट्टी बंद.

"मास्कच्या आत वाजवतो की," ते म्हणाले.

"मास्कच्या कडेने मिशी बाहेर येते तुमची. केस गळतात."

"ती माझ्या बरोबरच नोकरीला लागलीय, मॅडम. अजून एकदाही रजा घेतली नाही तिने."

मला हसू आलं होतं, पण हसले नाही. आपण हसलो की माणसं कामात ढिली पडतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिट्टीवाले मिशी काढून आले.

मी काढा म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण तसं नाही. वरचा ओठ एकदम पांढरा दिसतो, कधी ऊन न लागल्यासारखा. म्हणाले, "बायकोने आरशातून बघून विचारलं, कोण पाहिजे?" मग स्वतःच हसले. मी "बरं झालं" म्हटलं. बरं काय झालं कोण जाणे. तीस वर्षांची मिशी होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी कंट्रोल मिळाली. आमच्या वाचनालयाच्या बाई. अठ्ठावन्न वर्षांच्या, लग्न केलं नाही, बहिणीच्या मुलांचे फोटो टेबलावर काचेखाली. अर्ज भरताना प्रत्येक प्रश्नावर थांबून विचार करत होत्या. मला कंटाळा आला. "नाही, नाही, नाही, एवढंच लिहायचंय," मी म्हटलं.

त्यांचं शून्य आलं. स्वच्छ, गोल, देखणं शून्य.

शिट्टीवाले माझ्या खांद्यामागून पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, पाण्यात येत नाही. वाचनालयाच्या बाईंत येत नाही. मी काय फक्त तुमच्याच नळीत शिंकतो का?"

मला राग आला. मी नोंदवही काढली. ज्या दिवशी वाचनालयाच्या बाईंचा नमुना चालवला, त्या दिवशी शिट्टीवाले दात दाखवायला गेले होते. अर्धा दिवस रजा. माझे दोन्ही नमुने चालवले तेव्हा मात्र हजर. मी पान त्यांच्यापुढे धरलं.

ते बराच वेळ वाचत राहिले, तिथे वाचण्यासारख्या दोनच ओळी होत्या.

"मग काय, मीच," ते म्हणाले आणि हातमोजे काढून डब्यात टाकले.

५ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंशी बोलले. त्यांना एप्रिलअखेर शोधनिबंध पाठवायचा आहे. ज्या दोन रुग्णालयांतून रुग्णांचे नमुने यायचे तीही थांबली आहेत. चाचणी निरोगी बाईच्या रक्तात पुरुष दाखवते म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?

"खात्री आहे तुझी?" त्यांनी विचारलं. "आठ महिने राहिलेत गं त्यांच्या निवृत्तीला. या वयात माणसाला खाली पाठवायचं म्हणजे..."

"माझी खात्री नसती तर मी आलेच नसते, बाई."

त्यांनी सही केली. शिट्टीवाले सोमवारपासून तळघरात, सामानाच्या खोलीत. ते आजच आपला पाण्याचा पेला आणि उशी खाली ठेवून आले. त्यांच्या स्टुलावर एवढी वर्षं उशी होती, हे मला आज दिसलं.

माझं चुकलेलं नाही. निकालात जे दिसतं तेच मी सांगितलं.

१२ मार्च, गुरुवार

रजा. दर वर्षीसारखी.

ताईचा फोन आला. "जेवलीस का?" मग पाच मिनिटं तिच्या गुडघ्यांबद्दल. मग म्हणाली, "एकोणीस वर्षं झाली ना गं आज."

मी म्हटलं, तुझं गुडघ्याचं औषध बदललं का.

ताईला सगळ्यांच्या सगळ्या तारखा पाठ असतात. दुपारी पडदे धुतले.

१७ मार्च, मंगळवार

शिट्टीवाल्यांशिवाय केलेला पहिला नमुना. रक्त दवाखान्यातल्या परिचारिकेने काढलं, बाकी सगळं मी स्वतः. खोलीत दुसरं कोणी पाऊल टाकलं नाही. दोनदा आंघोळ करून आले होते.

चार.

पडदा बंद करून पुन्हा सुरू केला, जणू त्याने आकडा बदलला असता.

खोली फार शांत आहे. यंत्राचा पंखा ऐकू येतो. पूर्वी तो आवाज करायचा का? दुपारचा डबा खाताना लक्षात आलं की सकाळपासून मी तोंड उघडलेलं नाही. आधी रोज काही ना काही बोलणं व्हायचं, मिशीवरून, हवेवरून, त्यांच्या दातावरून. मी त्याला बोलणं धरत नव्हते. आता वाटतं, दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच होतं. खाली जाऊन "तुम्ही नव्हतात" असं सांगायला हवं. उद्या जाईन.

१९ मार्च, गुरुवार

काल गेले नाही. आज नळ्या संपल्या म्हणून गेले, म्हणजे कारण काढून गेले.

सामानाच्या खोलीला खिडकी नाही. शिट्टीवाल्यांनी सगळे खोके आकाराप्रमाणे लावून टाकले आहेत, त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या. उशी इथे लोखंडी खुर्चीवर. मी म्हटलं, परवाही चार आले. तुम्ही नसताना.

त्यांनी "बघा, मी म्हणत होतो" असं म्हणायला हवं होतं. माझी तयारी होती. ते म्हणाले, "मग आता?"

"आता मला कळत नाही."

"डीएनए कुणाचाही उडून येईल, मॅडम. धुळीतूनसुद्धा. पण आख्खी पेशी कुठून उडून येणार? तुमचं रक्त काचेवर पसरा, एक्सला हिरवा रंग द्या, वायला लाल. लाल ठिपका बाहेर धुळीत पडलेला असला तर घाण. पेशीच्या आत असला तर..."

"तर काय?"

"तर तो तुमच्याच घरातला," ते म्हणाले आणि नळ्यांचा खोका माझ्या हातात दिला.

त्यांची क्षमा मागायची राहिली. खोका जड होता, दोन्ही हात अडकलेले, असं मी जिन्यात स्वतःला सांगत होते.

२४ मार्च, मंगळवार

वीस काचा केल्या. यंत्र रात्रभर त्या चाळतं आणि लाल दिसेल तिथे खूण करतं. सकाळी एक्केचाळीस खुणा होत्या. आता प्रत्येक खूण डोळ्यांनी तपासायची. मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवसाही अंधार ठेवावा लागतो. आज सतरा पाहिल्या. सतराही कचरा. रंगाचे गोळे, काचेवरचे ओरखडे. हायसं वाटलं. घाणच आहे म्हणायची.

हायसं का वाटावं? घाण असली तर काम बुडालं.

२५ मार्च, बुधवार

तेवीस. एक सोडून सगळ्या पाहिल्या. शेवटची उद्या. डोळे दुखतात म्हणून उठले. डोळे दुखत नव्हते.

२६ मार्च, गुरुवार

एक हिरवा. एक लाल. एकाच पेशीच्या निळ्या केंद्रकात, आत, शेजारी शेजारी.

२८ मार्च, शनिवार

नीट लिहून काढते. एरवी मी काय करते तेच करायचं, एक एक शक्यता खोडायची.

घाण नाही. आख्खी पेशी आहे, तिच्या भोवतीचं आवरणसुद्धा शाबूत.

मोठ्या भावाच्या पेशी आईकडून माझ्यात उतरल्या असत्या, पण भाऊ नाही. आईला आम्ही दोघी मुलीच, मध्ये काही गेलंही नव्हतं. ताईला आज मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "आज हे काय काढलंस?"

रक्त चढवलेलं नाही. कपाटातून रुग्णालयाचा कागद काढून पाहिला. एकोणीस वर्षं तो विम्याच्या कागदांखाली होता. एकच पान. रक्त दिल्याची नोंद नाही. दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख. बारा मार्च, चौदा मार्च. मध्ये लिहिलंय: पाचवा महिना, गर्भ राहिला नाही.

मी अर्जावर "नाही" लिहिलं तेव्हा खोटं लिहितेय असं मला वाटलंच नव्हतं. हे कुणी मानणार नाही, पण ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. एकोणीस वर्षं लोक विचारतात, मुलंबाळं? मी म्हणते, नाही. शेजारी, नवे सहकारी, बँकेतली बाई. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं होतं. मग सवय झाली. मग ते खरंच झालं. वाचनालयाच्या बाई प्रश्न वाचून विचार करत होत्या आणि मला कंटाळा आला होता.

त्या वेळी परिचारिकेने विचारलं होतं, "बघायचंय का?" तिच्या हातात टॉवेल होता. मी भिंतीकडे तोंड केलं. नवरा बाहेर होता, त्यालाही मी बघू दिलं नाही, नको म्हणाले. मुलगा की मुलगी, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. घरी जाताना नवऱ्याने खिडकीवरच्या कारकुनाला दाखला मागितला. तो म्हणाला, "एवढ्या आधीच्याची नोंद करत नाहीत." वाईट माणूस नव्हता, हळू आवाजात म्हणाला. नंतर नवऱ्याला त्याबद्दल बोलायचं असायचं आणि मला नसायचं. त्या न बोलण्यातच आमचं लग्न संपलं. तो आता दुसऱ्या शहरात आहे, त्याला दोन मुली आहेत, असं ताईकडून कळतं.

एक गोष्ट राहिली. काल ती पेशी मी पुन्हा पाहिली. केंद्रकाला तीन कप्पे आहेत. अशी पांढरी पेशी फार तर काही दिवस जगते. म्हणजे ही त्या वेळची शिल्लक राहिलेली नाही. ही नवी आहे, गेल्या आठवड्यातली. माझ्या हाडांच्या आत कुठेतरी त्याचं काहीतरी अजून आहे आणि ते रोज नव्या पेशी करतं. मी भाजी आणते, पडदे धुते, नऊ शब्द बोलते, आणि आत हे चाललेलं असतं. एकोणीस वर्षं एकदाही खाडा नाही.

मुलगा होता.

हे वाक्य लिहून मी पेन ठेवलं आणि रडले. खूप रडले. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं नाही, एवढं बरं.

३० मार्च, सोमवार

सकाळी आधी तळघरात. या वेळी हात मोकळे ठेवून.

"घाण नव्हती," मी म्हटलं. "अर्जावर मी चुकीचं लिहिलं होतं. मला एकदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात गेलं. मुलगा होता, मला आत्ता कळलं. तुमच्यावर मी सगळं खापर फोडलं. मिशी काढायला लावली, खाली पाठवलं. माझं चुकलं. मला माफ करा."

ते उठून उभे राहिले. मग काय करावं ते न सुचल्यासारखे पुन्हा बसले आणि लगेच उठून मला खुर्ची दिली, उशीसकट. स्वतः खोक्यावर बसले.

मग म्हणाले, "कितवं वर्ष असतं आता?"

"एकोणिसावं चालू असतं."

"म्हणजे मिशी फुटली असती."

मी हसले. हसता हसता पुन्हा रडू आलं, ते त्यांनी न बघितल्यासारखं केलं आणि खोक्यावरची एक चिठ्ठी सरळ करत बसले. त्यांची स्वतःची आता अर्धी वाढली आहे, करडी, दाढी करायचं विसरलेल्या माणसासारखी दिसते.

मोठ्या बाईंकडे गेले. सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस गं, इतकी वर्षं?" मग त्यांचं डोकं चालू झालं, ते मला दिसलं. चाचणी चुकलेलीच नाही. दीड लाखात तीन होते आणि तिने तिन्ही पकडले. डोळ्यांतला आनंद त्या लपवत होत्या, माझ्यासाठी. मीच म्हटलं, "बाई, चाचणी चांगली आहे."

शिट्टीवाले उद्यापासून वर. हुकूम मी स्वतः टाइप केला.

१० एप्रिल, शुक्रवार

ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मला मुलगाच वाटत होता. उगीच, आपलं वाटायचं." तिने त्याच्यासाठी विणलेला स्वेटर अजून ठेवलाय म्हणाली. मला माहीतच नव्हतं. रंग विचारला. पिवळा.

नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं. "मुलगा होता" एवढीच ओळ झाली. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. पाकिटावर पत्ता घालून ठेवला आहे.

२७ एप्रिल, सोमवार

कंट्रोलच्या बाकीच्या दहा बायका झाल्या. सगळ्यांचं शून्य. आज निबंध जायचा होता. मोठ्या बाई, मी आणि शिट्टीवाले पडद्यासमोर बसून शेवटचं वाचत होतो. पाठीमागून मास्कच्या आतली शिट्टी. तीच ओळ.

शेवटच्या तक्त्यात कंट्रोलच्या बारा बायका, ओळीने. मोठ्या बाई पहिल्या ओळीवर थांबल्या.

"ही ओळ काढून टाकूया का?" त्यांनी हळूच विचारलं. "बाद झालेला नमुना आहे, दाखवलाच पाहिजे असं नाही. तुझी खाजगी गोष्ट आहे. आणि तसंही शेवटचे तक्ते कुणी बघत नाही."

मी ओळ वाचली. कंट्रोल क्रमांक एक. वय सत्तेचाळीस. बाद. कारण: पूर्वीची गर्भधारणा, एक, पुरुष.

"राहू दे, बाई," मी म्हटलं. "त्याची दुसरीकडे कुठे नोंद नाही."